वाळवंटातल्या विजेची बॅटरी कुठे ठेवावी : पॅनेलशेजारी की शहराच्या वेशीवर?

वाळूघड्याळ

वाळवंटात सौर पॅनेल उभे करणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. थारमधला भडला पार्क २,२४५ मेगावॉटचा आहे, इजिप्तमधलं बेनबान १,६५० मेगावॉटचं, अबू धाबीजवळचं नूर १,१७७ मेगावॉटचं. जागा आणि पैसा जुळला की दीड-दोन वर्षांत प्रकल्प उभा राहतो. सगळं अडतं ते संध्याकाळी. सूर्य मावळतो आणि नेमकं तेव्हाच लोक घरी येऊन दिवे आणि एसी लावतात.

म्हणजे बॅटरी हवी, याबद्दल इथे कुणाचं दुमत नसावं. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. ती ठेवायची कुठे? वाळवंटात पॅनेलच्या शेजारी, की शेकडो किलोमीटरवर, जिथे वीज वापरली जाते तिथे?

माझं मत : वाळवंटातच. कारण वीज शहरापर्यंत नेणारी लाइन. १,००० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी तेवढा भार वाहणारी लाइन बांधावी लागते, पण वर्षाची सरासरी काढली तर ती साधारण पाव क्षमतेनेच वापरली जाते. रात्रभर मोकळी. त्याच लाइनवर पॅनेल अडीच-तीनपट लावले, दुपारी जास्तीची वीज शेजारच्या बॅटरीत भरली आणि रात्री सोडली, तर तीच लाइन अहोरात्र कामाला येते. अतिउच्चदाबाची नवी लाइन उभी करायला सौर प्रकल्पाच्या दुप्पट काळ सहज जातो. जमिनीचा हक्क, जंगलखात्याची परवानगी, प्रत्येक टॉवरखालच्या शेतकऱ्याशी बोलणी. तोवर तयार पॅनेल दुपारी बंद ठेवावे लागतात. हे नुकसान मला फार टोचतं.

ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी जरूर लिहा.

उन्हाचीतिरीप

विषय आवडला. एक प्राथमिक शंका. बातम्यांत कधी '१०० मेगावॉटची बॅटरी' लिहितात, कधी '४०० मेगावॉट-तासांची'. यातलं खरं माप कोणतं?

तारामंडळ

दोन्ही खरी, दोन्ही लागतात. पाण्याच्या टाकीचा नळ किती मोठा हे मेगावॉट सांगतो आणि टाकीत पाणी किती मावतं हे मेगावॉट-तास. १०० मेगावॉट आणि ४०० मेगावॉट-तास म्हणजे नळ पूर्ण सोडला तर चार तास पुरेल. नळ अर्धा ठेवला तर आठ तास.

ज्या बातमीत एकच आकडा असतो ती अर्धीच बातमी. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या हॉर्न्सडेलच्या बॅटरीचं २०१७ मध्ये जगभर कौतुक झालं. ती १०० मेगावॉटची होती, पण साठा १२९ मेगावॉट-तासांचा, म्हणजे पूर्ण जोराने सव्वा-दीड तास. तिचं मुख्य काम रात्र काढण्याचं नव्हतंच. ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, फ्रिक्वेन्सी (विजेच्या आंदोलनांचा वेग) डळमळली की डोळ्याचं पातं लवायच्या आत सावरायची, हे तिचं काम, आणि ते तिने उत्तम केलं.

सर्किटराव

वाळूघड्याळ, लाइनचा मुद्दा बिनतोड आहे, पण निष्कर्षाशी असहमत.

बॅटरी शहराजवळ असली तर ती एकाच मालकाची चाकरी करत नाही. दुपारी वाळवंटातली सौरवीज साठवेल, मध्यरात्री जोराचा वारा असला तर पवनऊर्जा साठवेल, पहाटे एखादं मोठं वीजकेंद्र अचानक बंद पडलं तर ती भरपाई करेल. संध्याकाळी शहरातले ट्रान्सफॉर्मर ओव्हरलोड होतात, तिथला ताण ती जागेवरच उतरवते. आणि सगळ्यात महत्त्वाचं : वाळवंटातून येणारी लाइन वादळात पडली तर तुमची पॅनेलशेजारची बॅटरी भरलेली असूनही शहर अंधारात. शहराजवळची बॅटरी निदान काही तास रुग्णालयं आणि पाणीपुरवठा चालू ठेवेल.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. दुपारी सौरवीज चढते, संध्याकाळी मागणी उसळते, आणि सौरवीज वजा करून उरलेल्या मागणीचा आलेख बदकासारखा दिसतो म्हणून तिथल्या ग्रिडवाल्यांनी त्याला तेच नाव दिलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथल्या बॅटऱ्यांची क्षमता १०,००० मेगावॉटच्या पुढे गेली आणि त्याच महिन्यात एका संध्याकाळी काही काळ बॅटरी हाच राज्यातला सर्वांत मोठा वीजस्रोत होता. त्यातल्या बऱ्याच बॅटऱ्या कुठल्याही सौर प्रकल्पाला बांधलेल्या नाहीत, स्वतंत्र आहेत.

हिशेबनीस

सर्किटराव, पण त्याच कॅलिफोर्नियात मोहावी वाळवंटाच्या कडेला एडवर्ड्स अँड सॅनबॉर्न आहे. १९ लाख पॅनेल, ८७५ मेगावॉट, शेजारी ३,२८७ मेगावॉट-तासांची बॅटरी. दोन्ही पद्धती तिथे शेजारीशेजारी नांदतायत.

धागाकर्त्याच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. जानेवारी २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत मसदर या ऊर्जा कंपनीने एक प्रकल्प जाहीर केला : ५.२ गिगावॉट पॅनेल, १९ गिगावॉट-तास बॅटरी, आणि त्यातून मिळणार १ गिगावॉट, पण दिवसरात्र अखंड. पाच गिगावॉट लावून एकच कसा, असं बरेच जण विचारतात. बघा :

तिथल्या उन्हात पॅनेल दिवसाला साधारण साडेपाच ते सहा तासांच्या पूर्ण क्षमतेइतकी वीज देतात. ५.२ गुणिले तेवढे तास, म्हणजे २८ ते ३१ गिगावॉट-तास. १ गिगावॉट चोवीस तास द्यायचा तर २४ लागतात. उरलेले चार-सात गिगावॉट-तास बॅटरीत येताजातानाची गळती, धूळ, बॅटरी थंड ठेवणारे एसी आणि पॅनेल-बॅटरीचं वय यांत जातात.

आता साठा. ऊन बऱ्यापैकी असतं ते नऊ-दहा तास. उरलेले चौदा-पंधरा तास १ गिगावॉटने काढायचे तर चौदा-पंधरा गिगावॉट-तास हवेत. १९ मध्ये त्यापुढची थोडी शिल्लक आहे. ढगाळ सकाळ उशिरापर्यंत रेंगाळली तर ती कामी येईल, आणि दहा वर्षांनी बॅटरी थकली तरी रात्र निघेल.

हाच प्रकल्प बॅटरी शहराजवळ ठेवून केला असता तर लाइन साडेचार-पाच गिगावॉटची लागली असती. बॅटरी वाळवंटात ठेवल्यामुळे १ गिगावॉटची पुरेल. यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला सापडलेलं नाही.

नीरजा_क

हिशेब सुरेख मांडलात. आजवर ५.२ आणि १ ची सांगड लागत नव्हती.

पाचवा_खांब

मी काही वर्षं एका वाळवंटी प्रकल्पाच्या देखभालीच्या टीममध्ये होतो. कंपनीचं आणि जागेचं नाव देत नाही. कागदावरच्या हिशेबात न दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली, ऊन आणि उष्णता या वेगळ्या गोष्टी आहेत. पॅनेलला ऊन हवं, उष्णता नको. पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. बाहेर ४५ अंश असताना भर दुपारी पॅनेलच्या आतला सेल ७० च्या आसपास जातो. दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट धरा, म्हणजे पंधरा-सोळा टक्के वीज तिथेच गेली. थंड, स्वच्छ, वाऱ्याच्या दिवशी आमचं उत्पादन मे-जूनपेक्षा सरस असायचं. नवीन आलेल्या पोरांना हे पटायचं नाही.

दुसरी, धूळ. कोरडी धूळ झटकता येते. खरा त्रास पहाटेच्या दवाचा. दव पडतं, धूळ भिजते, सूर्य वर आला की काचेवर तिचा थर सिमेंटसारखा बसतो. तसेच काही आठवडे गेले तर उत्पादनात मोठी खोट येते. त्यामुळे सफाई सूर्यास्तानंतर, पण दव पडायच्या आत उरकावी लागते. पाणी लांबून टँकरने आणायचं म्हणजे ज्या भागात माणसाला प्यायला पाणी कमी तिथे ते काचेवर ओतायचं. ते बघवत नाही. आता ओळींवरून सरकणारे, पाण्याविना ब्रश फिरवणारे रोबो आलेत, अबू धाबीजवळच्या नूरमध्ये ते पहिल्यापासून आहेत. ब्रशने काचेवरचा परावर्तनरोधक लेप झिजतो का, यावर लक्ष ठेवावं लागतं. सूर्याच्या दिशेने पॅनेल वळवणारे ट्रॅकर असतील तर रात्री पॅनेल तिरपे उभे करून ठेवायचे, धूळ बसायला जागाच कमी मिळते.

तिसरी, आणि धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेली : बॅटरी. वाळवंटात ती दिवसाच्या सर्वांत तप्त वेळी चार्ज होते. चार्जिंगची स्वतःची उष्णता आणि वरून ४५-५० अंश. सेलला १५ ते ३५ अंशांत बरं वाटतं. कायम त्याच्या वर ठेवला तर आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून कंटेनरमध्ये द्रवरूप कूलंट फिरवतात, चिलर लावतात, आणि चिलर वीज खातो. चिलरचे कंडेन्सर धुळीने बुजले की अलार्म वाजायला लागतात. आमच्याकडे वादळानंतरचं पहिलं काम पॅनेल बघणं नसायचं, चिलरच्या जाळ्या बघणं असायचं.

तरीही बॅटरी तिथेच ठेवावी असं माझं मत आहे. फक्त ती चालवायला किती मनुष्यबळ लागतं याचा विचार बांधतानाच व्हावा.

उन्हाचीतिरीप

आणि वाळवंटात हिवाळ्याच्या रात्री कडाक्याची थंडी असते, तिचा त्रास नाही होत?

पाचवा_खांब

गोबीसारख्या थंड वाळवंटात नक्की होतो. लिथियम आयर्न फॉस्फेट सेल शून्याखाली चार्ज करायचा नसतो. लिथियम इलेक्ट्रोडच्या आत न शिरता पृष्ठभागावर साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. म्हणून तिथे आधी तापवायचं, मग चार्ज करायचं. सुदैवाने सौर बॅटरी चार्ज होते ती सकाळ वर आल्यावर, त्यामुळे उष्ण वाळवंटात हा प्रश्न क्वचितच येतो.

खारेदाणे

सगळे लिथियमबद्दलच बोलतायत. वाळवंटाचा स्वतःचा साठवणमार्ग मिठाचा आहे. आरशांनी ऊन एका मनोऱ्यावर किंवा नळीवर गोळा करायचं, त्याने सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेटचं मिश्रण ५६५ अंशांपर्यंत तापवायचं, मोठ्या टाकीत ठेवायचं आणि रात्री त्यावर वाफ करून टर्बाइन फिरवायचं. मोरोक्कोत वार्झाझातला नूर १, २ आणि ३ मिळून ५१० मेगावॉट. दुबईत सोलर पार्कच्या चौथ्या टप्प्यात २६० मीटरहून उंच मनोरा आणि पंधरा तासांचा साठा आहे. लिथियम नको, कोबाल्ट नको, आणि फिरणारं जड टर्बाइन असल्याने ग्रिडलाही स्थैर्य.

सर्किटराव

खारेदाणे, तंत्र म्हणून मला ते अतिशय आवडतं. पण नेवाडातल्या क्रेसेंट ड्यून्सचं काय झालं तेही लिहायला हवं. ११० मेगावॉट, दहा तासांचा साठा, २०१५ मध्ये सुरू, २०१६ मध्ये गरम मिठाच्या टाकीला गळती, महिनोन्‌महिने बंद, आणि २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरीत. टाकी एक, ती बिघडली की सगळंच ठप्प. बॅटरीचे शेकडो कंटेनर असतात, दोन बंद पडले तरी बाकीचे चालतात.

शिवाय आरशांना थेट, विखुरलेलं नसलेलं ऊन लागतं. हवेत धुळीचा पडदा असला की पॅनेल थोडी कमी वीज देतं, आरशांचं उत्पादन मात्र कोसळतं. वाळवंट म्हणजे थेट ऊन, हे समीकरण सगळीकडे चालत नाही.

आणि किंमत. २०१० च्या सुमाराला लिथियम बॅटरी पॅक किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये जगभरची सरासरी ११५ डॉलर. मीठ इतक्या वेगाने स्वस्त झालं नाही.

खारेदाणे

किंमतीचं मान्य. पण दहा-पंधरा तासांच्या साठ्यासाठी टाकी मोठी करायला फार खर्च येत नाही, तर बॅटरीत तास दुप्पट म्हणजे सेल दुप्पट. स्पर्धा संपली असं मी म्हणणार नाही.

टिटवी

सगळं वाचलं. तुम्ही सगळे 'रिकामी जागा' धरून बोलताय, म्हणून लिहायला बसले.

वाळवंट रिकामं नसतं. जैसलमेरच्या बाजूला ओरण आहेत, म्हणजे देवाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली गवताळ राने. तिथे कुऱ्हाड चालवत नाहीत. गुरं, उंट, शेळ्यामेंढ्या त्यावर जगतात. महसुली दप्तरात त्यातली कितीतरी जमीन 'पडीक' लिहिलेली आहे. दप्तरात पडीक असली की प्रकल्पाला देणं सोपं. खेजडी हे त्या प्रदेशाचं झाड. १७३० मध्ये खेजडली गावात अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी याच झाडांसाठी जीव दिला. सावली पडते म्हणून सौर प्रकल्पासाठी तीच झाडं तोडली जातात, तेव्हा तिथली माणसं रस्त्यावर येतात, आणि त्यांना विकासविरोधी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि माळढोक. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं कमी दिसतं. जड शरीर, ऐनवेळी वळता येत नाही, तारेवर आदळतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली गेली.

सौरऊर्जेला माझा विरोध नाही, कोळशापेक्षा ती हजारपट बरी. उलट वाळूघड्याळ यांच्या मुद्द्याला मी वेगळ्या कारणाने पाठिंबा देते. बॅटरी वाळवंटात असेल आणि त्यामुळे पाच लाइनींऐवजी एक लागणार असेल, तर आकाशात तारा पाचपट कमी. माळढोकाला यापेक्षा जास्त काय हवं?

तारामंडळ

टिटवी, शेवटचा मुद्दा मला कधीच सुचला नव्हता.

वाळूघड्याळ

मलाही नाही. मी फक्त खर्चाच्या आणि वेळेच्या बाजूने बघत होतो.

कोरडवाहू

टिटवी यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण चराई आणि पॅनेल यांचं वैर अटळ नाही. चीनमध्ये छिंगहाई प्रांतात तालातान म्हणून वाळवंटी पठार आहे. तिथल्या सौर पार्कमध्ये पॅनेलच्या सावलीने जमिनीतलं पाणी कमी उडायला लागलं, वारा अडला, धुण्याचं पाणी झिरपलं आणि गवत एवढं वाढलं की ते पॅनेलवर सावली पाडायला लागलं. मग आसपासच्या मेंढपाळांना मेंढ्या घेऊन बोलावलं. आता पॅनेल मुद्दाम उंचावर बसवतात, मेंढ्यांना खालून फिरता यावं म्हणून.

राघूमैना

म्हणजे देखभालीच्या टीममध्ये मेंढ्यांची भरती! पगार गवतात, आणि रात्रपाळी नाही.

पाचवा_खांब

मेंढ्या चालतील. शेळ्या नकोत, त्या केबल चावतात आणि पॅनेलवर चढतात.

टिटवी

कोरडवाहू, हे उदाहरण मला माहीत आहे आणि ते चांगलंच आहे. अट एकच : कुंपण घालण्याआधी मेंढपाळाशी बोललं गेलं पाहिजे. कुंपणात मेंढ्यांना वाट आणि पाणवठ्याला जागा ठेवायची असेल तर ती नकाशावरच ठेवावी लागते.

नीरजा_क

एक वाक्य सगळीकडे फिरत असतं : सहाराच्या एका कोपऱ्यात पॅनेल लावले तर जगाची वीज भागेल. यात कितपत तथ्य?

हिशेबनीस

करून बघू. भडला २,२४५ मेगावॉट, सुमारे ५६ चौरस किलोमीटरवर. म्हणजे चौरस किलोमीटरला ४० मेगावॉट. वर्षाला २,००० तासांच्या पूर्ण क्षमतेइतकी वीज धरली तर एका चौरस किलोमीटरमधून ८० गिगावॉट-तास. जग वर्षाला साधारण ३०,००० टेरावॉट-तास वीज वापरतं. भागाकार केला तर पावणेचार लाख चौरस किलोमीटर. सहारा ९२ लाखांचा. म्हणजे सुमारे चार टक्के. बॅटरीतली गळती आणि लाइनमधली तूट धरा, पाच टक्के म्हणा.

कोपरा म्हणायला मोठाच आहे, पण अशक्य आकडा नाही. अडचण वेगळीच आहे. सहारात दुपारचे बारा वाजलेले असतात तेव्हा जपानमध्ये रात्र असते. २००९ मध्ये डेझर्टेक नावाने सहारातून युरोपला वीज न्यायची मोठी योजना आली होती, ती प्रत्यक्षात आली नाही. पॅनेल तेव्हाच्या तुलनेत मातीमोल किमतीला मिळू लागले आणि युरोपने ते आपल्याच छपरांवर लावले. ज्या देशात वाळवंट आहे त्याच देशाला आधी त्याची वीज मिळावी, हे मला न्यायाचंही वाटतं.

अबोली_म

आगीबद्दल कुणी बोललं नाही. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला मोठी आग लागली, हजाराहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. बॅटरी शहराजवळ आणा म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

सर्किटराव

रास्त प्रश्न. मॉस लँडिंगची ती बॅटरी जुन्या वीजकेंद्राच्या टर्बाइन हॉलमध्ये, एकाच छपराखाली, ओळीने मांडलेली होती आणि तिची रसायनं निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारची. एका रॅकमधली आग पुढच्या रॅकला. आजचे मोठे प्रकल्प लिथियम आयर्न फॉस्फेटचे आहेत. हा सेल तुलनेने जास्त तापमान सोसतो आणि पेटला तरी कमी उष्णता सोडतो. मांडणी उघड्यावर, सुट्या कंटेनरांत, मध्ये मोकळं अंतर. एक पेटला तर त्याला जळू द्यायचं आणि शेजारच्यांवर पाणी मारून थंड ठेवायचं.

धोका शून्य नाही. म्हणून मी शहराच्या आत नाही, वेशीवरच्या सबस्टेशनजवळ म्हणतोय.

अबोली_म

वेशीवर आज माळ असतो, दहा वर्षांनी इमारती येतात. बॅटरीचं आयुष्य पंधरा-वीस वर्षं. अंतर राखण्याचा नियम पुढे बांधणाऱ्यांनाही लागू झाला पाहिजे.

जोडतार

पॉवर सिस्टिममध्ये काम करते. वाळवंटाच्या बाजूने एक तांत्रिक मुद्दा राहिलाय.

वाळवंटातले प्रकल्प ग्रिडच्या टोकाला असतात. तिथे मोठी फिरती यंत्रं नसतात, लांबच लांब लाइन आणि तिच्या टोकाला हजारो इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलच्या डीसी विजेची ग्रिडला लागणारी एसी वीज करणारी यंत्रं. अशा ठिकाणी ग्रिड अशक्त असतं. व्होल्टेज पटकन वरखाली होतं, एका ठिकाणी दोष आला की बरेच इन्व्हर्टर एकदम बाहेर पडू शकतात. साधा इन्व्हर्टर ग्रिडचं व्होल्टेज बघून त्याच्या मागे चालतो. बॅटरीसोबत ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर लावला तर तो स्वतः व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी धरून ठेवतो. ती धरून ठेवायची गरज सर्वांत जास्त लाइनच्या त्या दूरच्या टोकाला असते. शहरात आधीच बळकट ग्रिड आहे.

आणखी एक. पॅनेल आणि बॅटरी दोन्ही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणारी. एकाच इन्व्हर्टरमागे जोडली तर इन्व्हर्टरच्या मर्यादेमुळे भर दुपारी छाटली जाणारी वीजही बॅटरीत जाते. शहरातल्या बॅटरीपर्यंत ती वीज कधी पोचतच नाही.

तारामंडळ

जोडतार यांच्याशी सहमत. याचा मोठा दाखला चिलीत आहे. अटाकामात जगातलं सर्वांत प्रखर ऊन, पण माणसं राहतात दक्षिणेकडे सँतियागोच्या बाजूला. २०१९ मध्ये कार्डोनेस ते पोलपाइको ही ७५३ किलोमीटरची ५०० किलोव्होल्ट लाइन पूर्ण झाली. लाइन आली म्हणून आणखी पॅनेल लागले, आणि लाइन पुन्हा भरली. उत्तरेत दुपारी विजेचा घाऊक भाव शून्यावर जायला लागला. मग तिथल्या प्रकल्पांनी आहे त्याच पॅनेलशेजारी बॅटऱ्या लावायला सुरुवात केली. कोया नावाच्या प्रकल्पात १८० मेगावॉट पॅनेलला १३९ मेगावॉट, ६३८ मेगावॉट-तासांची बॅटरी जोडली. भारतातही फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सल्ला दिला की सौर निविदांमध्ये क्षमतेच्या किमान दहा टक्के, दोन तासांची साठवण प्रकल्पाच्या जागीच असावी.

सर्किटराव

दहा टक्के, दोन तास. एवढ्याने लाइन वाचत नाही. १,००० मेगावॉटला २०० मेगावॉट-तास म्हणजे संध्याकाळचा पहिला ताण हलका होतो, इतकंच.

तारामंडळ

हो, ती सुरुवातच आहे. 'किमान' म्हटलंय ते त्यासाठीच.

कोरडवाहू

सगळे सौरच धरून चाललेत. कच्छच्या रणाकडे खावड्याला ३० गिगावॉटचा पार्क होतोय, त्यात वाराही आहे. तिथला वारा पावसाळ्यात सर्वांत जोरात, म्हणजे ढगांनी सौरवीज घटते नेमकी तेव्हाच. रात्रीही बऱ्यापैकी वाहतो. त्याच लाइनवर दिवसा सौर, रात्री वारा चालला तर लाइन आपोआपच जास्त भरते आणि बॅटरी कमी लागते. म्हणजे 'बॅटरी कुठे' याच्या आधी 'त्या वाळवंटात वारा किती' हे विचारायला हवं.

वाळूघड्याळ

कोरडवाहू, हा मुद्दा माझ्या मूळ मांडणीत बसतच नव्हता आणि तो घ्यायलाच हवा.

चर्चा वाचून प्रश्न आता असा विचारतो. लांबच लांब रात्र काढायचे तास पॅनेलशेजारी ठेवले, आणि एक-दोन तासांचा झटपट साठा शहराच्या सबस्टेशनला ठेवला, तर सर्किटराव यांचा आक्षेप कितपत उरतो? वारा नसलेल्या वाळवंटापुरतं बोलतोय. समजा २,५०० मेगावॉट पॅनेल, ५०० मेगावॉटची लाइन, तिथे ९,००० मेगावॉट-तास. आणि शहराकडे १,००० मेगावॉट-तास.

हिशेबनीस

५०० मेगावॉट चोवीस तास म्हणजे १२,००० मेगावॉट-तास. २,५०० मेगावॉट पॅनेल पावणेसहा तासांनी १४,००० च्या वर देतात. बसतं. गळती आणि बॅटरी थंड ठेवायचा खर्च धरूनही बसतं.

सर्किटराव

बराचसा आक्षेप मिटतो. एक उरतो, आणि तो मी सोडणार नाही. तुमच्या आराखड्यात शहर रात्रभर एकाच लाइनवर विसंबून आहे. वादळात टॉवर कोसळला तर तो उभा करायला दिवस लागतात, आणि शहराकडचा साठा ५०० मेगावॉटने दोन तास पुरेल. त्यामुळे लाइन एक नको, निम्म्या क्षमतेच्या दोन, वेगवेगळ्या वाटांनी.

टिटवी

दोन वाटा म्हणजे टॉवरांच्या दोन रांगा. मग निदान माळढोकाच्या अधिवासातला टप्पा दोन्हींसाठी वगळा, वळसा पडला तरी चालेल. आणि जिथे वळसा शक्य नाही तिथे तारांवर पक्ष्यांना दिसतील असे फिरते डायव्हर्टर लावा, त्यांची दरवर्षी तपासणी करा. वाऱ्याने आणि उन्हाने ते गळून पडतात, आणि नंतर कुणी वर बघत नाही.

जोडतार

वळशाने लाइन किती लांबेल त्यावर व्होल्टेजचं गणित बदलेल. वाळूघड्याळ, अंतर किती धरताय? ६००-७०० किलोमीटरच्या पुढे असेल तर एसी (दिशा बदलत वाहणारी वीज) सोडून उच्चदाब डीसीचा विचार करावा लागेल. दोन्ही टोकांचे कन्व्हर्टर महाग असतात, ५०० मेगावॉटसाठी ते परवडतं का हे आधी बघू.